भिंत पुढं घे

कॅरोल वादळ येऊन गेल्यावर आमच्या बेटावर गरीब-श्रीमंत सगळ्यांना एकच गोष्ट हवी झाली : काँक्रीटचं छप्पर. गवताची आणि पत्र्याची घरं वादळाने एका दिवसात नेली होती. कुणाचे पत्रे उसात सापडले, कुणाचे झाडाच्या शेंड्यात, कुणाचे सापडलेच नाहीत. त्यानंतरची काही वर्षं जिथे जावं तिथे स्लॅब पडत होते. आमच्याकडे स्लॅबला फ्रेंचवरून 'दाल' म्हणतात. दाल ओतायच्या दिवशी अख्खी आळी घमेली घेऊन मदतीला यायची आणि मागे चुलीवर सगळ्यांचं जेवण शिजायचं.

घरं घाईने उभी राहिली, तशी भांडणंही उभी राहिली. मी तेव्हा बांधकाम खात्यात मोजणीच्या कामावर होतो. माणसांशी बोलायचं म्हणजे मला घाम फुटायचा, नकाशे आणि कायद्याची पुस्तकं बरी वाटायची. म्हणूनच की काय, कोर्ट अधूनमधून मला तज्ज्ञ म्हणून नेमायचं. भेग कशाने पडली, काम कराराप्रमाणे झालं की नाही, एवढं पाहून सांगायचं. प्रत्येक वेळी वाटायचं, माझ्या जागी दुसरा कुणी असता तर त्याला आणखी काही दिसलं असतं. मोंतान्य ब्लांशच्या प्रकरणात मात्र मला जे दिसलं त्याहून थोडं कमी दिसलं असतं, तर बरं झालं असतं.

मोंतान्य ब्लांश गावाच्या वरच्या अंगाला, उसाला लागून, मराठी वस्ती होती. वादळात त्यांची बैठका गेली. बैठका म्हणजे गावाची जमायची जागा. संध्याकाळी मुलांची शिकवणी, भाद्रपदात गणपती, लग्नाची बोलणी, सगळं तिथेच. सभेने काँक्रीटची नवी बैठका बांधायचं ठरवलं आणि काम गावच्याच तुलसीरामला दिलं. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या हाताखाली गवंडीकाम केलेल्या तुलसीरामने स्वतःच्या नावावर घेतलेला हा पहिला करार. सभेचे अध्यक्ष होते सत्यदेव. पोर्ट लुईला जकातीच्या कचेरीत कारकून, राहणंही तिकडेच; रविवारी मोटार घेऊन गावात यायचे.

बैठका बांधून झाली आणि सभेने ती ताब्यात घ्यायला नकार दिला. नकाशात होती त्याहून मागची भिंत दोन हात पुढे, उसाच्या बाजूला, सरकली होती. सभेची मागणी साधी होती : तुलसीरामने सगळं मोडावं आणि नकाशाप्रमाणे पुन्हा बांधावं. करारात कलम होतं की मालकाच्या लेखी संमतीशिवाय नकाशात बदल चालणार नाही.

मी पहिल्यांदा पाहणीला गेलो तेव्हा दोघेही हजर होते. सत्यदेवांनी मोटारीच्या टपावर नकाशा पसरला.

"मिस्ये इंद्रजीत, तुम्हीच बघा. भिंत इथं हवी. बांधली कुठं? तिथं, उसात! ह्या माणसाला नकाशा वाचता येतो की नाही ते एकदा कोर्टानं विचारावं."

"वाचता येतो," तुलसीराम म्हणाला. बुटका, रुंद खांद्यांचा माणूस. बोलताना मान खाली. "तुम्ही सांगितलात म्हणून पुढं घेतली."

"मी? कधी?"

"पाया मारायच्या दिवशी. उसाच्या कडेला उभं राहून सांगितलात."

"कुठल्या भाषेत सांगितलं?"

"मराठीत."

सत्यदेव मोठ्याने हसले आणि माझ्याकडे वळले. "ऐकलंत? मला मराठीत 'भात वाढ' एवढं धड बोलता येतं. आई ओरडायची ते समजायचं. आता तुमच्याशी बोलतोय तेसुद्धा शब्द चाचपत बोलतोय."

"मराठी सभेचे अध्यक्ष आहात, भाऊ," तुलसीराम जमिनीकडे बघत म्हणाला. "कोर्टात कसं सांगणार मराठी येत नाय म्हणून?"

"अध्यक्ष व्हायला मराठी लागत नाही रे, मोटार लागते."

यावर तुलसीरामलाही हसू आलं. दोघे एकाच वस्तीत वाढलेले होते. पण सत्यदेव पुन्हा गंभीर झाले. त्या दिवशी ते कचेरीत होते, आणि साहेबासकट सगळी कचेरी तसं सांगायला तयार होती. ते खोटं बोलत नव्हते. अडचण अशी की तुलसीरामही खोटं बोलत नव्हता.

त्याची हकिगत मी त्याच्या घरी ऐकली. त्याची बायको इंद्राणी हिने चहा पुढे केला आणि दाराशीच उभी राहिली.

पाया मारायचा त्या सकाळी डोंगरावरून धुकं उतरलं होतं. दोऱ्या ताणून झाल्या होत्या, माणसं कुदळी घेऊन उभी होती. उसाच्या कडेला पांढरा सदरा आणि टोपी घातलेलं कुणीतरी दिसलं. आवाज सत्यदेवांचा. 'भिंत पुढं घे. दगड आत घे.' एवढंच. तुलसीराम 'होय भाऊ' म्हणाला आणि त्याने दोऱ्या सरकवल्या.

"कुठला दगड?" मी विचारलं.

नवराबायकोने एकमेकांकडे पाहिलं. मग इंद्राणी म्हणाली, "राखणदाराचा."

मला तो दगड माहीत नव्हता, पण प्रकार माहीत होता. कोकणातून ऊसमळ्यांवर आलेली आमची माणसं येताना काय काय घेऊन आली. ह्या वस्तीच्या कुणा आजोबाने गावच्या राखणदाराच्या पायाची मूठभर माती आणली होती. ती इथे पुरून वर एक काळा दगड ठेवला. दगडावर गवताचं छोटं खोपटं होतं. कॅरोलमध्ये ते उडालं, आणि जो तो आपापलं छप्पर घालण्यात गुंतल्यामुळे त्याचं परत कुणी घातलं नाही. विद्यावती नावाची म्हातारी तेवढी उघड्यावरच दिवा लावत राहिली. नकाशात हा दगड मागच्या भिंतीच्या बाहेर राहत होता. भिंत पुढे गेली आणि तो बैठकीच्या आत आला.

"तुम्हाला तेव्हा काही वाटलं नाही?"

"मालकानं सांगितलं, आपण केलं," तुलसीराम म्हणाला. "आवाज सगळ्यांनी ऐकला मिस्ये. पण सगळे माझे चुलतभाऊ, मेहुणे. त्यांची साक्ष कोण धरणार? आणि हे म्हणतात तोडून टाक. मी तोडू?" त्याने हात पुढे केले, सिमेंटने फुटलेले. "खटला हरलो तर पुन्हा कोण काम देणार नाय, ते एक सोसेन. पण त्याच्या डोक्यावरचं छप्पर माझ्या हातानं काढू? एकदा वाऱ्यानं काढलं, आता मी?"

"तुम्ही म्हणाल ते कोर्टाला पटणार नाही," मी म्हणालो.

"बे, की मो पू फेर?" तो क्रेओलमध्ये, बेटाच्या रोजच्या बोलीत, पुटपुटला. मग मी काय करू?

मी नियमाप्रमाणे कामाला लागलो. मागच्या कोपऱ्यात, जिथे भिंत जुन्या बुजलेल्या चरावर गेली होती, तिथे दाराच्या उंचीपासून छतापर्यंत भेग होती. पेन्सिल सहज आत जाईल एवढी रुंद. सभेच्या वकिलाला ही भेग फार आवडली होती. अशा वेळी भेगेवर आडवी काचेची पट्टी सिमेंटने चिकटवतात. भेग हलली की काच तडकते आणि जमीन अजून खचते आहे हे कळतं. मी दोन ठिकाणी काच लावली आणि परत आलो.

पुढच्या खेपेला तुलसीरामने बैठका उघडून दिली आणि तो बाहेरच थांबला. आत शिरताच मी जरा थबकलो. बंद ठेवलेल्या नव्या इमारतीला चुन्याचा आणि ओलीचा वास येतो. तिथे तो नव्हता. तिथे वस्तीचा वास होता. धुतलेले कपडे, राख, तेल, कुणीतरी नुकतंच झोपून उठल्यासारखी ऊब. पुढच्या भागात फरशीवर सिमेंटची धूळ साचली होती आणि माझ्याच मागच्या खेपेची पावलं तीत दिसत होती. कोपऱ्यात दगडाभोवती मात्र जमीन झाडलेली होती.

दोन्ही काचा तडकल्या होत्या. मला बरं वाटलं. निदान काहीतरी पुस्तकात सांगितल्यासारखं घडलं होतं. मग मी चष्मा पुसून जवळ गेलो. भेग रुंदावली की काचेचे तुकडे एकमेकांपासून दूर होतात. इथे ते एकमेकांवर चढले होते. मी भेगेला पेन्सिल लावली. पेन्सिल जाईना. नखसुद्धा जाईना.

खचणाऱ्या भिंती मी शेकड्यांनी पाहिल्या होत्या. मिटत जाणारी भेग पाहिली नव्हती. हवामान, सिमेंटचा माल, माझं आधीचं चुकीचं माप, सगळी कारणं मनाशी घोळवली. माझं माप चुकलं असेल यावर विश्वास ठेवायला मी नेहमीच तयार असतो. पण काच माझ्या मापावर अवलंबून नव्हती.

बाहेर आलो तर विद्यावती आजी पायरीपासून जरा दूर, आंब्याखाली बसली होती. तुलसीराम तिच्याजवळ उकिडवा.

"आजी, आत कोण झाडतं? तुम्ही?"

"मी कशाला?" ती म्हणाली. "मी दाराशी दिवा ठेवते आणि फिरते. दुसऱ्याच्या घरात न विचारता कोण जातं?"

मी अहवालात लिहिलं की भेगेपासून सध्या धोका दिसत नाही. त्याने तुलसीरामला मदत झाली नाही. भेग असो नसो, भिंत नकाशाबाहेर होती आणि लेखी हुकूम नव्हता. न्यायाधीशांनी तसं स्पष्टच सांगितलं.

मग तुलसीरामच्या वकिलाने शेवटचं हत्यार काढलं. आमच्याकडे फ्रेंच दिवाणी कायदा चालतो, आणि जिथे कागद नाही तिथे त्या कायद्याने एक जुनी वाट ठेवलेली आहे. एका पक्षाने दुसऱ्यावर शपथ टाकायची. तू शपथेवर जे सांगशील ते मला मान्य. पुढे साक्षीदार नाहीत, पुरावा नाही, अपीलही नाही. सत्यदेवांनी शपथेवर 'नाही' म्हटलं की तुलसीरामचा खटला तिथेच संपणार होता. हे हत्यार कुणी शहाणा सहसा उपसत नाही. पण तुलसीरामकडे दुसरं काही उरलं नव्हतं. त्याच्या दोनच अटी होत्या : शपथ त्या दगडापाशी व्हावी, आणि मराठीत व्हावी.

"मराठीत कशाला?" सभेचा वकील कोर्टाच्या व्हरांड्यात चिडून म्हणाला. "तुझ्या देवाला क्रेओल कळत नाही का?"

"नाय कळत, मिस्ये," तुलसीराम शांतपणे म्हणाला. "तो आज्याबरोबर आला. आज्याला पण कळत नव्हतं."

न्यायाधीशांना जागा एकदा डोळ्यांनी पाहायचीच होती. त्यांनी दोन्ही अटी मानल्या. कोर्टाच्या दुभाष्याला मराठी येत नसल्याने ते काम माझ्यावर आलं. सत्यदेवांना शपथेचं वाक्य नीट यावं म्हणून त्यांनी ते माझ्याकडे येऊन पाठ केलं. 'भिंत पुढं घे असं मी सांगितलं नाही.' पाच-सहा वेळा म्हणून झाल्यावर ते म्हणाले, "काय गंमत आहे बघा. खरं बोलायला पाठांतर करावं लागतंय." हसले, पण ओठ कोरडे पडले होते. "तुम्ही आत जाऊन आलात ना? कसं आहे आत?"

"झाडलेलं आहे," मी म्हणालो.

भर दुपारी आम्ही बैठकीत उभे राहिलो. न्यायाधीश, त्यांचा लेखनिक, दोन वकील, तुलसीराम, सत्यदेव आणि मी. दार सताड उघडं होतं. बाहेर ऊस तोडणीला आला होता, वाऱ्याने सळसळत होता. न्यायाधीश घाम पुसत म्हणाले की इमारत बरी थंड आहे. मला ती थंड वाटली नाही. कोपऱ्यातल्या भिंतीवर भेग कुठे होती हे आता मला दाखवता आलं नसतं. मी बोटाने शोधली. गिलावा सलग होता.

सत्यदेव दगडासमोर उभे राहिले. उजवा हात वर. न्यायाधीशांनी कागद डोळ्यांजवळ धरून फ्रेंचमध्ये प्रश्न वाचला आणि मी तो मराठीत विचारला.

"मागची भिंत पुढे घ्यायला तुम्ही सांगितलंत का?"

उसाची सळसळ थांबली. मी सत्यदेवांच्या तोंडाकडे बघत होतो, कारण ते अडखळले तर शब्द पुरवायचा होता.

"मीच सांगितलं."

आवाज सत्यदेवांचा होता. तोच जाड, थोडा नाकातला आवाज. पण बोलणं जुनं, आमच्या आज्यापणज्यांच्या वळणाचं, आणि कुठेही न चाचपडता आलेलं. "वादळात माझंबी छप्पर गेलं. समद्यांनी घरं बांधली. मीबी मागितलं."

सत्यदेवांचं तोंड मिटलेलं होतं. दात इतके घट्ट आवळले होते की गालाचा स्नायू उडत होता. वर केलेला हात तसाच राहिला होता.

न्यायाधीशांनी कागद खाली केला. "काय म्हणाला हा?"

तुलसीराम खाली बघत होता. दोन्ही वकील माझ्याकडे बघत होते. त्यांच्या लेखी एका माणसाला प्रश्न विचारला गेला होता आणि त्याच्या आवाजात उत्तर आलं होतं. मी चुकीचं पाहिलं असेल का? मला आजही ठाम सांगता येत नाही. पण ऐकलं ते ऐकलं होतं, आणि दुभाष्याचं काम ऐकलेलं सांगायचं.

"उत्तर असं आलं, साहेब : मीच सांगितलं." पुढचं छपराचं वाक्यही मी सांगितलं.

सभेच्या वकिलाचा चेहरा पडला. न्यायाधीशांनी भुवया उंचावल्या आणि सत्यदेवांना थेट विचारलं, "हेच तुमचं उत्तर आहे? नीट विचार करा. यानंतर काही उरत नाही."

'नाही' म्हणायला सत्यदेवांना आता मराठीचीही गरज नव्हती. मान हलवली असती तरी पुरलं असतं. ते खरे होते, कचेरीतली सगळी माणसं त्यांच्या बाजूने होती, आणि त्यांच्या एका शब्दावर तुलसीराम उद्या हातोडा घेऊन ह्या भिंतीसमोर उभा राहणार होता. त्यांनी दगडाकडे पाहिलं. मग तुलसीरामकडे. तुलसीरामने वर पाहिलं नाही, फक्त फुटलेले हात एकमेकांत घट्ट धरले.

"वी, मिस्ये," सत्यदेव घोगऱ्या आवाजात म्हणाले. होय. मग माझ्याकडे वळून हळूच, मराठीत : "तेच माझं उत्तर."

लेखनिकाने लिहून घेतलं. न्यायाधीशांनी तिथेच उभ्याउभ्या निकाल सांगितला : हुकूम मालकाचा होता, काम हुकमाप्रमाणे झालं आहे, सभेने इमारत ताब्यात घ्यावी. आणि सगळे जमलेच आहेत, तर ताबा आत्ताच द्यावा.

तुलसीरामने खिशातून किल्ली काढून पुढे धरली. सत्यदेवांनी हात पुढे केला नाही.

"घ्या भाऊ."

"मला कशाला देतोस?"

"मग कुणाला देऊ?"

"ज्यानं सांगितलं त्याला दे."

तुलसीराम दोन पावलं दगडाकडे गेला. मग खाली वाकला, किल्ली दगडाजवळ झाडलेल्या जागेवर ठेवली आणि हात जोडले. "महाराजा, काम पुरं झालं. काय राहिलं असेल तर आत्ताच सांग."

आम्ही वाट पाहिली. न्यायाधीशसुद्धा, का कोण जाणे, गप्प उभे राहिले. काहीच सांगितलं गेलं नाही.

"हे काय चाललंय?" शेवटी त्यांनी मला विचारलं.

"ताबा देताहेत, साहेब."

बाहेर उन्हात आल्यावर वकील आपापल्या गाड्यांकडे गेले. सत्यदेव आंब्याच्या बुंध्याला टेकले. त्यांच्या सदऱ्याची पाठ ओली झाली होती.

"तुम्ही खोटं बोललात, भाऊ," तुलसीराम म्हणाला. "माझ्यासाठी?"

"तुझ्यासाठी? वेडा की काय. मी नाही म्हटलं असतं तर तो दुसऱ्यांदा बोलला असता." त्यांनी रस्त्याकडे पाहिलं. "आणि थोडं तुझ्यासाठी. बैठका दुसरी बांधावी लागेल आता. रस्त्याच्या पलीकडे जागा आहे. बांधशील?"

"बांधीन. पण ह्या खेपेला सगळं लेखी द्या."

सत्यदेव हसले, आणि हसता हसता त्यांनी डोळे पुसले.

बैठकीचं दार आम्ही उघडंच टाकून आलो होतो. वारा पडलेला होता. दार हळूहळू, बिजागरीचा आवाज न करता फिरलं आणि लागलं, तिन्हीसांजेला घरातलं माणूस लावतं तसं. विद्यावती आजी गुडघ्यावर हात टेकून उठली. तिने डोक्यावरून पदर घेतला.

"चला आता," ती आम्हा सगळ्यांना म्हणाली. "दारात घोटाळू नका. त्याची जेवायची वेळ झाली."